ड्रायसूटचा मनगटाचा कफ: सैल करायचा, बदलायचा की रिंग बसवायची?

गारठा
मंडळी, माहिती हवी आहे. सूट (थंड पाण्यात डायव्हिंगसाठीचा, आत पाणी न येऊ देणारा ड्रायसूट) ट्रायलॅमिनेटचा, म्हणजे तीन थरांच्या कापडाचा आहे. कफ (मनगटाशी पाणी अडवणारे रबरी पट्टे) लेटेक्सचे, शंकूसारखे निमुळते, बाहीला थेट चिकटवलेले, वय चार वर्षं. मनगटाचा घेर १६५ मिमी. कफच्या टोकाचा घेर १३० मिमी (सपाट ठेवून रुंदी मोजली आणि दुप्पट केली). बाहीच्या टोकाला कफचा घेर २७० मिमी, कफची लांबी १९० मिमी.
तक्रारी दोन. वीस मिनिटांत बोटं बधिर होतात, आणि उजवी बाही कोपरापर्यंत ओली निघते. पाणी ५-६ अंश, इंग्लंडमधल्या लेस्टरशायरच्या स्टोनी कोव्हचं हिवाळी पाणी. इतका घट्ट कफ गळतो कसा? आता सैल केला तर आणखी गळेल ना? की सरळ रिंग (कफ बदलता येईल अशी कडी) बसवून मोकळं व्हावं?

मालवणी_माखली
शीर्षक वाचून अडुळशाचा काढा सुचवायला आलो होतो. चालू द्या.

खेकडा
घट्ट आहे आणि गळतोय, यात विरोध काहीच नाही. मूठ आवळा आणि मनगटाची तळव्याकडची बाजू बघा. दोन शिरा दोरीसारख्या वर येतात आणि मध्ये पन्हळ पडते. (शिरा म्हणजे स्नायूंचे कंडरे, रक्तवाहिन्या नव्हेत.) लेटेक्स ताणलेलं असलं की ते या दोन दोऱ्यांवरून पुलासारखं आडवं जातं, पन्हळीत उतरतच नाही. म्हणजे जितकं घट्ट तितका पूल ताठ. टॉर्च धरली, व्हॉल्व्हचं बटण दाबलं, दोरीच्या रीलची मूठ पकडली की प्रत्येक वेळी चमचाभर पाणी आत.
यावर उपाय कफ आवळणं हा नाही, कफ वर सरकवणं हा आहे. मनगटाच्या करंगळीकडच्या बाजूला जो हाडाचा उंचवटा असतो, त्याच्या मागे ३-४ सेंमी कोपराच्या दिशेने या. तिथे कंडरे मांसात बुडालेले असतात आणि हात बऱ्यापैकी गोल असतो. कफचा किमान ४-५ सेंमी पट्टा सुरकुतीशिवाय कातडीवर सपाट बसला पाहिजे. पाणी रुंदीने अडतं, आवळण्याने नाही.
आधी एवढंच करून बघा. सूट घातल्यावर कफ वर ओढा, अंडरसूटची (आतल्या उबदार कपड्याची) बाही कफखाली कुठेही अडकलेली नाही हे बोट फिरवून तपासा. एक धागा जरी अडकला तरी तो वातीसारखं पाणी आत ओढतो. अर्ध्या गळत्या इथेच सापडतात.

ताम्हण
+१. आणि गळती नक्की कुठून आहे ते ठरवल्याशिवाय कात्री हातात घेऊ नका. किचन रोलचे चार तुकडे करून मनगटाच्या आत चार बाजूंना ठेवा, सैल टेपने अंडरसूटला अडकवा. पाच मिनिटं उथळ पाण्यात मूठ उघडा-मिटा, बाहेर या आणि बघा.
फक्त तळव्याकडचा कागद ओला: कंडऱ्यांची पन्हळ.
चारही सारखे ओले: कफ सैल किंवा फाटलेला.
मनगट कोरडं आणि कोपर ओला: कफचा दोष नाहीच. बाहीची शिवण तपासा, आणि तो हात डावा असेल तर दंडावरचा डम्प व्हॉल्व्हही (सूटमधली हवा बाहेर सोडणारी झडप).
चारही नुसते दमट: तो घाम आहे.

गारठा
तळव्याकडचा चिंब, बाकीचे कोरडे. खेकडाभाऊ, दंडवत. पण बधिरपणाचं काय? वर सरकवल्यावर तर आणखी आवळेल, हात तिथे जाड आहे.

खेकडा
हो, म्हणून आता कापायचं. तुमच्याच आकड्यांवर हिशेब करू.
लेटेक्सचा घेर जिथे बसणार तिथल्या हाताच्या घेरापेक्षा १०-१५ टक्के कमी, हे माझं सुरुवातीचं माप. तुमचा १३० म्हणजे १६५ पेक्षा २१ टक्के कमी. हे फार झालं. १३ टक्के धरले तर सुमारे १४३ मिमी हवा, म्हणजे घेर १३ मिमीने वाढवायचा. तुमचा शंकू १९० मिमी लांबीत २७० वरून १३० वर येतो, म्हणजे दर मिमी कापण्यामागे घेर पाऊण मिमीने वाढतो. १३ मिमीसाठी एकूण १७-१८ मिमी कापावं लागेल.
एका दमात नाही. ३-३ मिमीने कापा, १२ मिमीला थांबा, घालून बघा. सूट घालून दहा मिनिटं बसा. हाताच्या मागच्या रक्तवाहिन्या तट्ट फुगल्या, बोटांत मुंग्या आल्या किंवा नखं निळसर दिसली तर अजून ३ मिमी. कापलेलं परत जोडता येत नाही. हात दाखवून अवलक्षण करून घेऊ नका.

रबरी_गुंडाळी
कापण्याची पद्धत लिहितो, कारण बहुतेक कफ झिजून मरत नाहीत, वाईट कापल्याने मरतात.
कफ बाटलीवर चढवून मार्करने कडेशी समांतर रेघ मारा. बाटलीवरून काढा. टेबलावर सपाट ठेवा, दोन्ही थर एकावर एक आणि सुरकुती नाही. शिंप्याची लांब पात्याची धारदार कात्री घ्या आणि दोन्ही थर एकाच चाव्यात कापा. कात्री पूर्ण मिटू देऊ नका. मधेच मिटून पुन्हा उघडलीत की तिथे सूक्ष्म दाता पडतो. तो डोळ्याला दिसत नाही, पण लेटेक्स ताणलं की सगळा ताण त्या दात्याच्या टोकाशी गोळा होतो आणि पुढच्या वेळी हात घालताना तिथूनच टर्रकन जातं.
कापल्यावर कड अंगठ्याने ताणत पूर्ण फेरी मारा. कुठे चीर पांढुरकी उघडताना दिसली तर त्याच्या खालून पुन्हा एक सरळ पट्टी कापा. ब्लेडने कापू नका, लेटेक्स पात्याखाली सरकतं.

खोलपाणी
वरचं सगळं बरोबर, पण चार वर्षांचं लेटेक्स? बोटाने दाबून सोडा. चिकट लागतंय, बोटाचा ठसा राहतोय, किंवा ताणल्यावर बारीक भेगांचं जाळं दिसतंय, तर कापण्यात वेळ घालवू नका. लेटेक्स दोन-तीन वर्षं नीट चालतं, त्यापुढचं उधारीवर. ऊन, ओझोन, सनस्क्रीन, खोबरेल, व्हॅसलीन या सगळ्यांनी ते खराब होत जातं. तांब्याचा डागसुद्धा लेटेक्सचा शत्रू आहे.

गारठा
उजवा चिकट लागतोय. डावा बरा आहे.

खोलपाणी
मग दोन्ही बदला, वय एकच आहे. पण डावा आधी कापून बघा. जुन्यावर माप सापडलं की नव्यावर एकदाच कात्री चालवायची. नवा कफ घेताना शंकूऐवजी बाटली आकाराचा बघा. त्याचं टोक नळीसारखं समांतर असतं, सपाट पट्टा जास्त मिळतो. आणि जाड प्रकार घ्या. पातळ लेटेक्स मऊ बसतं पण नखानेही जातं.

रबरी_गुंडाळी
बदलण्याचं सविस्तर. घरचं काम म्हणून हे अवघड नाही, पण घाई चालत नाही. दोन संध्याकाळी धरा.

सामान: नवे कफ, दोन घटकांचा निओप्रीन कॉन्टॅक्ट ॲडहेसिव्ह (हार्डनरसह), आयसोप्रोपिल अल्कोहोल, १२० ते १८० नंबरचा पॉलिश पेपर, मास्किंग टेप, ताठ केसांचे छोटे ब्रश तीन-चार, वॉलपेपरच्या सांध्याचा छोटा रोलर, नायट्राइल हातमोजे, आणि साचा.

साच्यावर सगळं अवलंबून आहे. बाहीचं टोक ज्यावर ना ताणता ना सुरकुतता बसेल असा गोल हवा. पीव्हीसी पाइपचा बाहेरचा व्यास ७५ मिमी असेल तर घेर २३६, ९० असेल तर २८३, ११० असेल तर ३४६ मिमी. गारठा, तुमच्या २७० ला ९० चा पाइप थोडा मोठा होतो. ७५ च्या पाइपवर फोमची शीट गुंडाळून घेर जुळवा. मऊ पेट बाटली टाळा, रोलरने दाबलं की आत जाते.

जुना काढणे: आधी फोटो काढा. कफ कापडाच्या आतून चिकटवलाय की बाहेरून, आणि वर शिवणीची टेप आहे का. नवा त्याच बाजूला लावायचा. जुना कफ २ सेंमी ठेवून कापून टाका. उरलेल्या पट्टीला हेअर ड्रायरने गरम करा आणि कडेच्या दिशेने सावकाश सोला. हीट गन वापरत असाल तर लांबून, ट्रायलॅमिनेटच्या मधला ब्युटाइल रबराचा थर सुटला तर बाही गेली. जुना गोंद गुळगुळीत आणि घट्ट असेल तर तो खरवडून काढायची गरज नाही. सुटे पापुद्रे तेवढे काढा.

तयारी: बाही साच्यावर चढवा. कडेपासून ३० मिमीवर मास्किंग टेपची सरळ फेरी. कफच्या रुंद कडेलाही तितक्याच ३० मिमीवर टेप. दोन्ही पट्टे पॉलिश पेपरने हलके घासा, चमक गेली की पुरे. अल्कोहोलने पुसा, दहा मिनिटं वाळू द्या. यानंतर त्या भागाला उघडं बोट लावायचं नाही.

गोंद: पहिला हात पातळ, कापडात ब्रशने चोळून जिरवायचा. आता घाबरू नका: लेटेक्सला ओला गोंद लागताच त्याची कड सुरवंटासारखी गुंडाळते, सुरकुत्या पडतात, वाटतं सगळं वाया गेलं. सॉल्व्हंट लेटेक्समध्ये शिरून एक बाजू फुगवतो, म्हणून ते वळतं. पंधरा-वीस मिनिटांत सॉल्व्हंट उडतो आणि कड आपोआप सरळ होते. त्या वेळात हात लावला तर मात्र गोंदाला गोंद चिकटतो आणि मग ते खरंच वाया जातं. कफ आधीच साच्यावर चढवून कड उलटी दुमडून टेपने चार ठिकाणी धरली तर ही कटकट कमी होते.
पहिला हात अर्धा तास वाळवा. दुसरा हात, दहा-पंधरा मिनिटं. बोटाच्या मागच्या बाजूने स्पर्श करा: चिकट वाटतं पण मोज्याला गोंद लागत नाही, ही वेळ. कापड पातळ आणि गोंद पिऊन टाकणारं असेल तर तिसरा हात.

जोडणे: कॉन्टॅक्ट गोंदाला दुसरी संधी नसते. दोन्ही वस्तूंवर आधीच चार खुणा करून ठेवा, १२, ३, ६ आणि ९ वाजता. दुमडलेली कड एका खुणेपाशी टेकवा, मग समोरच्या, मग उरलेल्या दोन, आणि मधला भाग मधून बाहेर दाबत जा. रोलरने जोर लावून तीन-चार फेऱ्या. चिकटण्याची ताकद दाबावर अवलंबून आहे, दाबून धरण्याच्या वेळेवर नाही. सुरकुती राहिली तर तिथे हेअर ड्रायर, सोलून पुन्हा. सुरकुती म्हणजे बाहेरून आत जाणारी नळी, ती गोंदाने बुजत नाही.
ताण देण्याआधी २४ तास, पाण्यात जाण्याआधी ४८.

ताम्हण
दोन भर. एक, खिडक्या उघड्या ठेवा आणि खोलीत गॅस, हीटर, मेणबत्ती, काही नको. या गोंदात टोल्युइन किंवा एमईके (मिथाइल इथाइल कीटोन) यांसारखे सॉल्व्हंट असतात, वाफ जड असते आणि पेट घेते. दोन, थंड दमट गॅरेजमध्ये हे काम नको. सॉल्व्हंट उडताना पृष्ठभाग गार पडतो आणि त्यावर हवेतलं बाष्प धरतं. डोळ्याला नुसती धुरकट झाक दिसते, पण पुढे जोड पापुद्र्यासारखा सुटतो. ब्रिटनमध्ये गॅरेज आणि कोकणात आषाढ, दोन्हीकडे हाच दोष. १८-२० अंशांची कोरडी खोली हवी.

अवलिया_ओस्लो
मी कॉन्टॅक्ट गोंदाच्या विरोधात आहे, निदान पहिल्यांदा करणाऱ्यासाठी. युरेथेन सीलंट वापरा, ॲक्वाशुअर जातीचं. एकच थर, लावल्यावर बराच वेळ कफ सरकवून नीट बसवता येतो. वरून सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळून २४ तास ठेवायचं. ते हवेतल्या ओलाव्यानेच घट्ट होतं, त्यामुळे ताम्हण म्हणतात तो दमटपणाचा त्रासही नाही.

रबरी_गुंडाळी
पहिल्यांदा सोपं, हे मान्य. पण दोन-तीन वर्षांनी तो कफ काढायला बसा. कॉन्टॅक्ट गोंद उष्णतेने सुटतो, युरेथेन नाही. खरवडता खरवडता कापडाचा थर निघतो. शिवाय ते हळूहळू वाहतं, साचा आडवा ठेवला तर खालच्या बाजूला ओघळ जमून कड कडक होते आणि त्या कडेवर लेटेक्स कापलं जातं. ज्याला पुन्हा कधी कफ बदलायचाच नाही त्याने खुशाल वापरावं. असा माणूस डायव्हिंग सोडलेलाच असतो.

अवलिया_ओस्लो
साचा दर दहा मिनिटांनी फिरवला की ओघळ येत नाही. पण काढण्याचा मुद्दा मान्य.

मालवणी_माखली
तारकर्लीच्या २७-२८ अंशांच्या पाण्यात ड्रायसूट घालणारा माणूस मी अजून पाहिलेला नाही, पण एक विचारतो. सायकलच्या पंक्चरचं सोल्यूशन चालतं का? ते रबराचंच आहे.

रबरी_गुंडाळी
लेटेक्सवर लेटेक्सचं नखाएवढं ठिगळ लावायला चालेल. कापड आणि लेटेक्सच्या जोडाला नाही, प्रत्येक वेळी हात घालताना तो जोड ताणला जातो.
आणि भारतात सूट ठेवणाऱ्यांसाठी: माळा आणि गाडीची डिकी या दोन जागा लेटेक्सच्या स्मशानभूमी आहेत. गोड्या पाण्याने धुवा, सावलीत पूर्ण वाळवा, बिनवासाची शंखजिऱ्याची पूड लावा, थंड अंधाऱ्या कपाटात ठेवा. सुगंधी टाल्कम नको, त्यातली तेलं लेटेक्स खातात. ठिणग्या पडणाऱ्या विजेच्या मोटरजवळही नको, तिथे ओझोन तयार होतो.

खोलपाणी
निओप्रीन कफवाल्यांचं कोणी बोलत नाही म्हणून थोडक्यात. निओप्रीन घट्ट असेल तर आधी कापू नका. मनगटापेक्षा थोड्या जाड बाटलीवर रात्रभर ताणून ठेवा, बऱ्याचदा तेवढ्याने जमतं. शिवणीचे टाके ताणले जाताना दिसले तर थांबा आणि ५-५ मिमी कापा. या कडेला लेटेक्ससारखी फाटण्याची भीती नाही.
सैल असेल तर लांबीच्या दिशेने पाचर कापायची: टोकाला १० मिमी रुंद, वर शून्य. कडा काटकोनात कापलेल्या हव्यात. निओप्रीन गोंदाचे तीन हात, कड कडेला भिडवून दाबा, बाहेरच्या बाजूने टेप. पाचर हाताच्या मागच्या बाजूला घ्या, तळव्याकडे कधीच नाही, नाहीतर नवा सांधा बरोबर पन्हळीवर येतो.
लक्षात ठेवा, निओप्रीनमध्ये वायूचे बुडबुडे आहेत. ३० मीटरवर दाब ४ बार, बुडबुडे चेपतात, कफ पातळ आणि सैल होतो. पाच मीटरवर कोरडा आणि तळाशी ओला, अशी तक्रार आली की कारण हे.

गारठा
आणि रिंग? दर वेळी गोंदाचा हा सोहळा नको असेल तर?

अवलिया_ओस्लो
रिंग म्हणजे बाहीच्या टोकाला कायमची बसवलेली कडक किंवा लवचीक कडी. कफ तिच्यावर चढवायचा आणि दुसऱ्या कडीने दाबायचा. एसआय टेक, कुबी वगैरे कंपन्यांच्या मिळतात. कफ फाटला तर गाडीशेजारी उभं राहून पाच-दहा मिनिटांत बदलता येतो. आणि सिलिकोन कफ वापरायचा असेल तर रिंगच लागते, कारण हे गोंद सिलिकोनला धरत नाहीत. सिलिकोन मऊ असतं, ओझोन-उन्हाने लेटेक्ससारखं सडत नाही, लेटेक्सची ॲलर्जी असलेल्यांना वरदान. पण कडेला नख लागलं की सरळ वरपर्यंत फाटतं, सोबत जोडी ठेवा.

खेकडा
दुसरी बाजू. कडीतून अंडरसूटसकट हात गेला पाहिजे, म्हणजे कडी मोठी. बारीक मनगटाला ती नाकापेक्षा मोती जड. हार्नेसच्या पट्ट्यातून हात काढताना अडकते, टाकीवर आपटते. आणि बसवताना बाहीची लांबी पुन्हा मोजा. कडी जितकी लांब तितकी बाही कापावी लागते, नाहीतर कफ पुन्हा मनगटाच्या घडीवर येतो आणि पन्हळीची गळती जशीच्या तशी. दोन्ही हात डोक्यावर नेऊन, मग छातीशी मिठी मारून बघा. दोन्ही वेळी कफ जागेवर राहिला तरच कापा.
आणि अशा बदलानंतर कंपनीची वॉरंटी बहुधा संपते, हे आधी वाचून घ्या.

अवलिया_ओस्लो
रिंगवर कोरडे हातमोजे लावणार असाल तर: आत कफ ठेवलात तर मोज्यात हवा जायला वाट ठेवावी लागते, नाहीतर खाली जाताना मोजा हाताला आवळून पिळून काढतो. ३-४ मिमीची मऊ नळी किंवा बंजीचा (लवचीक दोरीचा) तुकडा कफखालून सरकवतात. पण मग मोजा फाटला की पाणी त्याच वाटेने सूटमध्ये. आइसलंडच्या सिल्फ्रासारख्या २-४ अंशांच्या पाण्यात त्याचा अर्थ काय, हे सांगायला नको. अशा वेळी नळी ओढून काढता येईल इतकं टोक मोज्यात मोकळं ठेवा.

ताम्हण
काम झाल्यावर चाचणी. दोन्ही कफांत बाटल्या, गळ्यात फुटबॉल, वरून रबरबँड. डम्प व्हॉल्व्ह बंद दिशेला पूर्ण फिरवा आणि सूट उशीइतका मऊ फुगवा, टायरइतका नाही. जास्त भरलं तर बंद व्हॉल्व्हही उघडतो आणि तुम्ही गळती शोधत बसाल. अर्धा लिटर पाण्यात चमचाभर भांड्यांचं लिक्विड, ब्रशने जोडावर लावा. मोठा बुडबुडा लगेच दिसतो. बारीक फेसाची रेघ मिनिटभराने उगवते, तेवढं थांबा.
पहिली डुबकी ३-५ मीटरवरच. आणि हात वर करून बघा: खांद्यापेक्षा मनगट ५० सेंमी वर गेलं की बाहीतल्या हवेला तिथे बाहेरच्या पाण्यापेक्षा सुमारे ०.०५ बार जास्त दाब मिळतो. कफ सैल कापला असेल तर हवा तिथून बुडबुडत जाते आणि हात खाली आणताच पाणी तिची जागा घेतं. जमिनीवर न कळणारी गळती इथे कळते.

गारठा
डावा १२ मिमी कापला, वर सरकवला. घेर १३९ भरला. दहा मिनिटं बसून मुंग्या नाहीत. नवे बाटली आकाराचे कफ आणि दोन घटकांचा गोंद मागवतोय, रिंग नको. एक शेवटचं: डाइव्ह कॉम्प्युटरचा पट्टा कफवर बांधायचा की बाहीवर?

खेकडा
१३९ ला लगेच थांबू नका, ५ अंशांच्या पाण्यात अर्धा तास काढून मग ठरवा. पट्टा बाहीवर, कफवर कधीच नाही. बकलची कड लेटेक्सला खाते. आणि बकलच्या पट्ट्यापेक्षा बंजी लावा, खोलवर अंडरसूट चेपला की पट्टा सैल होऊन घसरत थेट कफवर येतो.